चार भाग तांबं, एक भाग कथील : झांजेचा प्रवास आणि आपली मोड

जुन्या चिनी झांजा जमवणाऱ्यांची एक वेगळीच दुनिया आहे. अमेरिकेत आणि युरोपात ड्रम वाजवणारे हौशी लोक शंभर वर्षांपूर्वीची, हाताने ठोकलेली, कड वर वळलेली चिनी झांज शोधत फिरतात. तिच्यावरच्या हातोडीच्या खुणा बघतात, कारागिराचा शिक्का किंवा शाईने लिहिलेली दोन-चार चिनी अक्षरं शाबूत आहेत का ते तपासतात, कडेला तडा गेलाय का म्हणून बोट फिरवतात. नवी कोरी झांज दुकानात मिळत असताना हे लोक जुनीसाठी जास्त पैसे मोजतात.

इकडे आमच्या मेहकर तालुक्यात त्याच जातीचा धातू किलोवर जातो. भजनी मंडळाचा जुना टाळ, आजीची काशाची थाळी, देवघरातली घंटा असं सगळं एका पोत्यात भरून मोडीत निघतं. काट्यावर त्याला काशाचा भाव लागतो, टाळाचा लागत नाही. मोड घेणाऱ्यांत आमचेही बरेच भाऊबंद आहेत. तो त्यांचा रोजगार आहे, त्यांना दोष द्यायचं कारण नाही. पण आपण काय विकतोय हे विकणाऱ्याला तरी ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

मी हिवरा आश्रमला राहतो, उर्दू आणि मराठी शिकवतो. या दोन्ही भाषांत झांज आहे. उर्दूत तिला 'झांझ' म्हणतात, फारसी-अरबीत 'संज', तुर्कीत 'झिल'. शब्द निरनिराळे असले तरी वस्तू एकच आहे. तिचा प्रवास बघितला की चिनी कोणती, तुर्की कोणती आणि आपली कोणती, हे सांगणं अवघड होऊन बसतं.

अबुल फजलची कृती

सुरुवात धातूपासून करू. पितळ आणि कासं यांत पुष्कळांची गल्लत होते. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, कथील मिसळलं की कासं. पितळ पडलं तर पोचा येतो, कासं पडलं तर फुटतं. पितळेची वाटी वाजवली तर आवाज लवकर विरतो, काशाची वाटी बराच वेळ घुमत राहते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात मिश्रधातूंची माहिती देताना तो 'सफीदरू' नावाच्या धातूचा उल्लेख करतो. हिंदी लोक याला 'कांसी' म्हणतात असं सांगतो आणि प्रमाणही देतो : चार शेर तांबं, एक शेर कथील. म्हणजे शंभरात ऐंशी आणि वीस. आज जगातल्या नामांकित कंपन्या आपल्या सर्वांत महागड्या झांजा ज्या धातूच्या करतात, त्याचं प्रमाणही साधारण ऐंशी-वीस हेच आहे. जुन्या चिनी झांजांचं कासंही याच्याच आसपासचं असतं. कथील थोडं कमी-जास्त होतं, एवढंच.

हे प्रमाण कारागिराची परीक्षा घेणारं आहे. कथील वाढवलं की आवाज चांगला येतो, पण धातू काचेसारखा ठिसूळ होतो. थंड असताना जोरात ठोकला तर तडकतो. म्हणून कासं लाल तापवून ठोकतात, परत तापवतात, परत ठोकतात आणि शेवटी तापलेलं असतानाच पाण्यात बुडवतात. लोखंडाचं पोलाद तापवून पाण्यात घातलं की कडक होतं. काशाचं उलट आहे. पाण्यात विझवल्यावर त्याचा ठिसूळपणा कमी होतो आणि पुढची घडण करता येते. हे गुपित आपल्या देशात फार जुनं आहे. तक्षशिला आणि निलगिरी इथल्या उत्खननांत जास्त कथिलाची, अशाच पद्धतीने घडवलेली पातळ भांडी सापडली आहेत.

हाताने ठोकलेल्या झांजेवर हजारो घाव पडलेले असतात आणि दोन घाव सारखे नसतात. त्यामुळे धातू कुठे दाट होतो, कुठे विरळ. एकाच कारागिराने एकाच दिवशी केलेल्या दोन झांजाही तंतोतंत सारख्या वाजत नाहीत. साच्याच्या आणि यंत्राच्या मालात ही गोष्ट येत नाही. जमवणाऱ्यांना जुन्या झांजेची ओढ का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. ती फुटली तर तशी दुसरी मिळणार नाही.

अजिंठ्याहून चीनकडे

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला लागूनच अजिंठ्याची लेणी आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे आणि तिच्याभोवती वाजवणाऱ्या बायकांचा ताफा आहे. बासरी आहे, ढोलकं आहेत आणि झांजाही आहेत. हे चित्र साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे त्या काळी आपल्या भागात झांज ही वादकांच्या ताफ्यातली नेहमीची वस्तू होती.

आता चीनकडे वळू. तिथल्या स्वी राजवंशाचा इतिहास सातव्या शतकात लिहिला गेला. त्यात दरबारात वाजणाऱ्या परदेशी संगीताची देशवार नोंद आहे. 'तिआनझू' म्हणजे भारत. भारतीय संगीताच्या वाद्यांत वीणेच्या जातीची वाद्यं, बासरी, ढोल, शंख यांच्या बरोबरीने 'तुंगबो' येतं, म्हणजे तांब्याच्या धातूची झांज. मध्य आशियातल्या कुचा या शहराच्या संगीतातही तीच झांज नोंदलेली आहे. हे कुचा म्हणजे ज्याचे वडील भारतीय होते त्या कुमारजीव या बौद्ध भाषांतरकाराचं गाव. इसवी सन ३८४ मध्ये चिनी सेनापती लू गुआंगने कुचा जिंकलं आणि तिथले वादक व त्यांची वाद्यं चीनच्या हद्दीत आली.

घंटा आणि कासं चीनला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्यांच्या प्राचीन काशाच्या भांड्यांना जगात तोड नाही. पण दोन थाळ्या एकमेकींवर आपटून वाजवायची झांज त्यांच्याकडे पश्चिमेकडून, भारत आणि मध्य आशियाच्या वाटेने आली. भिक्खूंनी ती मठांत नेली. पुढे तिने तिथे आपला संसार थाटला. पेकिंगच्या संगीत नाटकात लढाईचा प्रसंग तिच्याशिवाय उभा राहत नाही, सिंहनृत्यात ती लागतेच. चिनी कारागिरांनी तिला वेगळं रूप दिलं. मधली वाटी उंच केली, म्हणजे तीच मूठ म्हणून धरता यावी, आणि कड वर वळवली. त्यामुळे आवाज एकदम फुटतो, खरखरतो आणि चटकन थांबतो. वुहान शहर तर झांजा आणि थाळ घडवण्यासाठी आजही ओळखलं जातं.

इस्तंबूलचा शिक्का

झांजेची दुसरी वाट पश्चिमेकडे गेली. इराणी आणि तुर्की फौजांमध्ये नगारे, सनया, कर्णे यांच्यासोबत ती वाजू लागली. अकबराच्या नक्कारखान्याचं वर्णन 'आईन'मध्ये आहे, त्यात संजांच्या तीन जोड्या मोजल्या आहेत. उस्मानी सुलतानांच्या जानिसारी फौजेचा 'मेहतर' नावाचा ताफा असाच असायचा. आग्र्यात आणि इस्तंबूलमध्ये थोड्याफार फरकाने एकच ताफा वाजत होता म्हणा ना.

इस्तंबूलमध्ये अवेदिस नावाचा एक आर्मेनियन ख्रिस्ती धातुकारागीर होता. सोनं बनवायच्या खटपटीत १६१८ साली त्याला तांबं आणि कथिलाचं असं मिश्रण साधलं, की त्याच्या झांजा पातळ असूनही फुटत नव्हत्या, अशी त्या घराण्याची कथा आहे. सुलतानाने त्याला मान दिला, त्याच्या झांजा मेहतरसाठी घेतल्या आणि घराण्याला नाव पडलं 'झिल्जियन'. झिल म्हणजे झांज, 'जि' हा तुर्कीत धंदा दाखवणारा प्रत्यय आणि शेवटचा 'यन' आर्मेनियन. आपल्याकडे तोफेवरून तोफची आणि मशालीवरून मशालची होतो, त्यातला 'ची' म्हणजेच हा 'जि'. एका आडनावात दोन भाषा नांदतात. ही कंपनी आपलं स्थापनावर्ष १६२३ सांगते आणि आजही चालू आहे.

तुर्की फौजांचा हा आवाज युरोपच्या कानावर आधी रणांगणावर पडला, मग त्यांनी तो नाट्यगृहात नेला. मोझार्टने १७८२ च्या आपल्या तुर्की कथानकाच्या संगीत नाटकात झांजा वापरल्या, हायडनने १७९४ च्या 'मिलिटरी' सिंफनीत, बेथोव्हनने १८२४ च्या नवव्या सिंफनीत.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला यात एक खास गंमत आहे. इस्तंबूलच्या जुन्या झांजांवरचा शिक्का उस्मानी तुर्कीत, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीत आहे. तुर्कस्तानने १९२८ साली ही लिपी सोडून रोमन स्वीकारली. १९२९ मध्ये घराण्याच्या एका शाखेने अमेरिकेत बोस्टनजवळ कारखाना काढला. तरी या कंपनीच्या शिक्क्यात ती जुनी अक्षरं अजून आहेत. ज्याला उर्दू वाचता येतं त्याला त्यातला 'झे', 'लाम', 'जीम' ओळखता येतो. जमवणारे लोक शिक्क्याच्या आकारावरून आणि अक्षरांच्या ठेवणीवरून झांजेचं वय काढतात. अक्षरं वाचता येत नसली तरी ती जपतात.

या कथेचा पुढचा तुकडा मला जास्त भावतो. इस्तंबूलचा जुना कारखाना १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला. तिथे लहानपणापासून शिकलेले दोन कारागीर, आगोप तोमुर्जुक आणि मेहमेत तामदेयर, एक आर्मेनियन ख्रिस्ती आणि एक तुर्की मुसलमान, यांनी १९८० च्या सुमारास मिळून पुन्हा भट्टी पेटवली. १९९६ मध्ये आगोप वारल्यावर दोन वेगळे कारखाने झाले. पण हातोडीची विद्या वाचली ती या दोघांनी भागीदारी केली म्हणून. विसाव्या शतकात तुर्क आणि आर्मेनियन यांच्यात काय घडलं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या भागीदारीचं मोल वेगळं सांगायला नको.

चिनी झांजेची किंमत कुठून आली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि हजारो चिनी मजूर तिकडे गेले. त्यांच्यामागोमाग १८५० च्या दशकात संगीत नाटकवाले गेले, आणि त्यांच्यासोबत झांजा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच माणसाने पायाने आणि हाताने अनेक वाद्यं वाजवायचा ड्रमसेट तयार होत होता. अमेरिकन वादकांनी त्यात चिनी वस्तीतून आणलेले रंगीत कातड्याचे ढोल, लाकडी ठोकळे आणि चिनी झांजा लावल्या. त्या स्वस्त होत्या आणि आवाज आगळा होता. जॅझ वाढला तशी ही झांज त्यात मुरली. पुढे झिल्जियनसारख्या कंपन्यांनीच चिनी घडणीच्या झांजा बनवायला घेतल्या. मेल लुईससारख्या नाणावलेल्या जॅझवादकाच्या वादनात त्या खरखरत्या आवाजाला मानाची जागा होती.

म्हणजे ज्या वस्तूला आज 'विंटेज' म्हणतात, ती एके काळी गरीब स्थलांतरितांच्या गाठोड्यातून आलेली स्वस्त वस्तू होती. तिची किंमत वाढवली ती ऐकणाऱ्यांनी. जमवणारे काय पाहतात याची यादी केली तर ती अशी होईल : हाताची घडण, तडा नसणं, मूळचा शिक्का किंवा अक्षरं, वरचा काळपट रंग घासून न घालवलेला असणं आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. आवाजाला वजनकाटा नाही. तो ऐकावा लागतो.

आपल्या मातीतली झांज

आता घरी येऊ. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, म्हणजे सिंघण राजाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे पूर्वज काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात घनवाद्यांची यादी आहे : ताल, कांस्यताल, घंटा, क्षुद्रघंटा, जयघंटा, कम्रा, शुक्ति आणि पट्ट. पहिली दोन नावं म्हणजे आपले टाळ आणि झांज. देवगिरी आमच्यापासून काही फार लांब नाही.

टाळ आणि झांज हेही वेगळे आहेत. टाळ लहान, जाड, दोरीने बांधलेला, त्याचा आवाज गोल आणि लांब. झांज रुंद आणि पातळ, तिचा आवाज पसरट. टाळाच्या दोन वाट्यांचा स्वर किंचित वेगळा असला की आवाजात लाटा उठतात. तीसेक टाळकऱ्यांची दिंडी जाताना हवा थरथरल्यासारखी वाटते, ती या लाटांमुळे. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरावरून जाते, तेव्हा हे कोणालाही ऐकता येतं. आमच्या गावात विवेकानंद आश्रमाच्या जयंती उत्सवाला आजूबाजूच्या खेड्यांतून भजनी मंडळी येतात, तेव्हाही ऐकता येतं.

तिथे एका वयस्क बुवांना मी विचारलं होतं की जुना टाळ का सोडत नाही. ते म्हणाले, "सर, नवा टाळ नुसता वाजते, बोलत नाही." धातुशास्त्राची सगळी पुस्तकं एका वाक्यात आली.

मुसलमानांच्या घरातही ही वस्तू परकी नव्हती. विदर्भात मोहरमच्या सवाऱ्यांपुढे ताशा आणि झांज वाजत आलेली आहे. ताशा हा शब्दच फारसी 'तास'वरून आलेला. आमच्या जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या यात्रेत, होळीच्या सुमारास, संदल निघतो तेव्हा वाजवणारे कोणत्या धर्माचे हे कुणी विचारत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत तेच ताशेवाले, तीच झांज. लेझीम तर आपण शाळेच्या मैदानावर खेळतो. तिचं नाव इराणी पहिलवानांच्या व्यायामाच्या धनुष्यावरून आलंय, ज्याला दोरीऐवजी साखळी असते. आपण त्या साखळीत छोट्या चकत्या अडकवल्या, म्हणजे छोट्या झांजाच अडकवल्या आणि व्यायामाला ताल दिला. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते. तिथे टाळ वाजतो तो दर्ग्याच्या दारात. हे सगळं कुणी ठराव करून केलेलं नाही. पिढ्यान्पिढ्या होत आलं.

जमवणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे नाही असं नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे, १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करू लागले. अडकित्ते, दिवे, दरवाजे, वाद्यं, घरोघरी हिंडून त्यांनी सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि १९६२ मध्ये संग्रह शासनाकडे सोपवला. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने तो आज 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' म्हणून उभा आहे. त्यातल्या बहुतेक वस्तू राजवाड्यातल्या नाहीत, तुमच्या-आमच्या घरातल्या आहेत. केळकरांनी त्या आणल्या नसत्या तर कित्येक मोडीत गेल्या असत्या.

भांड्यावरचं नाव

प्रत्येक गावात केळकर होऊ शकत नाही. पण एक गोष्ट प्रत्येक घर करू शकतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, देणाऱ्याचं नाव, कधी साल, कधी प्रसंग. जुन्या टाळावर, परातीवर, घंटेवर अशी नावं असतात. मुलीच्या लग्नात दिलेलं भांडं असतं, मुलगा बरा झाला म्हणून मंडळाला दिलेली झांज असते. मुसलमान घरांतल्या जुन्या देगांवर आणि परातींवरही असतात, कधी देवनागरीत, कधी उर्दूत. एकाच गल्लीतल्या दोन लिपी एकाच कारागिराच्या छिन्नीने उमटलेल्या असू शकतात.

चिनी झांजेवरची शाईची अक्षरं आणि इस्तंबूलचा अरबी वळणाचा शिक्का यांच्यासाठी परदेशातला माणूस पैसे मोजतो. आपल्या टाळावरचं नाव तितकंच जुनं असू शकतं. भट्टीत कासं वितळतं, परत ओतलं जातं, त्यात तोटा फारसा नाही. तोटा होतो तो नावाचा. गावाच्या इतिहासात त्या माणसाची दुसरी कुठलीच नोंद नसते. सातबाऱ्यावर बाईचं नाव नसतं, पण परातीवर असतं.

म्हणून मी वर्गातल्या मुलांना एक काम देतो. घरातलं काशाचं, तांब्याचं, पितळेचं एखादं जुनं भांडं किंवा वाद्य घ्या. ते कोणत्या धातूचं आहे ते आवाजावरून ओळखा. वजन करा. त्यावर नाव असेल तर जसंच्या तसं वहीत उतरवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे माणूस कोण. उर्दूत नाव असेल आणि वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा. मुलं आणतात. आणि बहुतेक वेळा ते भांडं मग मोडीत जात नाही, कारण आजीने एकदा गोष्ट सांगितली की ते काट्यावर ठेवायला कुणाचा हात उचलत नाही.

गरज असेल तर विकावंच लागतं, हे मलाही कळतं. दुष्काळाच्या वर्षी घरातल्या भांड्यांनीच पोटं भरली आहेत. पण गरज नसताना, नुसती अडगळ म्हणून टाळ-झांज विकायला काढली असेल, तर आधी ती उलटून बघा. नाव वाचा. मग दोरीला धरून एकदा वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबा. काशाचा असेल तर थोडा वेळ थांबावं लागेल.